टीव्हीवरचे तज्ज्ञ आणि चाळीतला कांदा

संध्याकाळी टीव्ही रूममध्ये डोकावलंत तर कुठल्या ना कुठल्या चॅनलवर एक प्राध्यापक हमखास दिसतात. नावाखाली पट्टी असते, 'तज्ज्ञ'. पूल पडो, पाऊस लांबो नाहीतर कांदा गडगडो, सर हजर! आपण मान डोलावतो आणि मेसकडे पळतो. पण यांचं कितपत ऐकायचं, हे ठरवायचं कसं?

एक मस्त उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. 2001 मध्ये यूजीसीनं विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणायचं ठरवलं. विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांत पुण्याच्या 'आयुका'चे डॉ. जयंत नारळीकर होते. ते नुसतं मत देऊन थांबले नाहीत. 2008 मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत चक्क एक चाचणी घेतली.

100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 पाठवल्या. काम एकच : कोणती पत्रिका हुशार मुलाची, ते ओळखा. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी किती बरोबर आली असतील? 46 टक्के! नाणं उडवून ठरवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती. सगळ्यात चांगला स्कोअर 40 पैकी 24. आता एम-थ्री आठवा : 40 वेळा नाणं उडवलं तर स्टँडर्ड डेव्हिएशन तीनच्या थोडं वर येतं. म्हणजे 24 छापा पडणं यात काही विशेष नाही.

यातला फंडा काय? एक, प्रश्न असा मांडला की उत्तर चुकीचंही ठरू शकेल. दोन, आकडे उघडे ठेवले. 2009 मध्ये ते 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. म्हणजे नारळीकर मोठे म्हणून ऐका, असा मामलाच नाही. आकडे बघा आणि स्वतः ठरवा.

आता आमच्या देवळ्याकडे या. इथे तज्ज्ञाचं वाक्य म्हणजे टाइमपास नाही. चाळीत उन्हाळी कांदा भरलेला असतो आणि "भाव वाढणार" एवढं ऐकून घरोघरी विकायचं की थांबायचं यावर चर्चा रंगते. थांबलात तर कांदा सडतो, वजन घटतं. विकलात आणि भाव चढला तर हळहळ. त्यावरच पोरांची फी अवलंबून!

आणि कांद्याचा भाव फक्त पिकावर ठरत नाही. 8 डिसेंबर 2023 पासून केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. ती थेट 4 मे 2024 ला खुली झाली. लाल कांदा तर टिकतही नाही, मग वाट कुणाची बघणार? पिकाचा अभ्यास असलेल्या सरांना आवक सांगता येईल, दिल्लीचा आदेश नाही. म्हणून चांगला तज्ज्ञ "निर्यात चालू राहिली तर" असं म्हणतो. तो 'तर' महत्त्वाचा!

थोडक्यात काय, तर पुढच्या वेळी तीन गोष्टी विचारा. हा विषय यांचाच आहे का? आकडा कुठून आला? आणि काय घडलं तर यांचं म्हणणं चुकीचं ठरेल? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर खुशाल मेसला जा. पण घरी फोन करून "टीव्हीवर सांगितलंय, थांबा" असं मात्र सांगू नका.