भाताचा सुवास कुठे लिहिलेला असतो?

आंबवडे गाव ज्या भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात येते, तो भाताचा. आंबेमोहर तांदूळ शिजला की वास शेजारच्या घरात पोहोचतो. अशा सुवासाची सूचना डीएनएमध्ये असते. डीएनएची ओळख टप्प्याटप्प्याने होत गेली:

● १८६९ : फ्रीडरिश मीशर यांनी जखमेच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पेशींतून डीएनए वेगळा केला.

● १९४४ : आनुवंशिक गुण डीएनएच वाहून नेतो, हे एव्हरी व सहकाऱ्यांनी जिवाणूंवर दाखवले.

● १९५३ : रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार घेत वॉटसन-क्रिक यांनी दुहेरी सर्पिल रचना मांडली.

● १९६८ : जनुकीय संकेत उलगडल्याबद्दल हरगोविंद खोराना, निरेनबर्ग व हॉली यांना नोबेल.

डीएनएचे काम कसे चालते? जनुकाची आरएनए प्रत रायबोसोमकडे जाते. तिथे दर ३ अक्षरांमागे एक अमिनो आम्ल जोडले जाते. ही साखळी म्हणजे प्रथिन.

आणि सुवास? बासमतीसह अनेक सुवासिक जातींत ‘बीएडीएच२’ जनुकातली ८ अक्षरे गळालेली असतात, हे २००५ मध्ये उजेडात आले. तीन-तीन अक्षरांची मांडणी मोडते, प्रथिन अर्धवट राहते आणि सुवासाचे द्रव्य दाण्यात साठते.

घरचे सुवासिक बियाणे जपा; सुवासाचा हा मजकूर त्यातच आहे.