हिमांतील वाळवंट

वाळवंट म्हटलें कीं उष्णता आलीच, असें आम्हीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें. एका विद्यार्थ्यानें, थंड देशांतही वाळूच्या टेकड्या असतात, असें उत्तरपत्रिकेंत लिहिलें, तेव्हां आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली. परवां आमचे नातू लडाखच्या नुब्रा खोऱ्यांतील हुंदर येथें जाऊन आले. तेथील बर्फाळ पर्वतांच्या पायथ्याच्या वाळूच्या टेकड्यांचीं छायाचित्रें पाहतांना ती रेघ आठवून आम्ही खजील झालों.

सुपानें पाखडतांना फोल दूर उडतें, दाणा जवळ पडतो, खडा मागें राहतो. वाराही तेंच करितो. धूळ आकाशांत चढते, जाड कण सरपटतात आणि बहुतेक वाळू उड्या मारीत जाते. पडणारा प्रत्येक कण आपल्या आघातानें दुसऱ्या कणांस उडवितो. राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १९४१ सालच्या आपल्या ग्रंथांत याची सविस्तर मीमांसा केली आहे.

मात्र कण उडावयाचा तर तो सुटा हवा. ओल्या वाळूचा किल्ला मुलें बांधतात, कारण पाण्याचा पातळ थर कणांस जखडून ठेवितो. तीच ओल गोठली कीं वाळू दगडासारखी होते. वरून बर्फाची दुलई पडली तर वाऱ्याचा हातच पोहोंचत नाहीं. मग हिवाळ्यांत वाळू स्वस्थ राहते काय? तसेंही नाहीं. कोरड्या हवेंत बर्फ पाणी न होतांच वाफ होऊन जातें. वरचा पातळ थर सुटा होतो आणि वारा तो उचलतो. शिवाय शून्याखालीं ४० अंशांवरील हवा शून्यावर ४० अंशांच्या हवेपेक्षां सुमारें एकतृतीयांशानें जड असते. म्हणून तिचा धक्काही मोठा.

अलास्कांत, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, कोबुक नदीच्या खोऱ्यांत हिमनद्यांनीं दळलेल्या वाळूचें सुमारें ६५ चौरस किलोमीटरांचें क्षेत्र आहे. तेथील टेकड्या ३० मीटरांपर्यंत उंच आहेत. अशा टेकड्यांत वाळू आणि हिम यांचे थर एकावर एक बसतात. उन्हाळ्यांत आंतील हिम वितळलें कीं वाळू खचते आणि भिजून पुन्हां कांहीं काळ जखडली जाते.

हें ज्ञान केवळ कुतूहलाचें नव्हे. आइसलंडांत झाडी तुटली, मेंढ्यांनीं गवत खाल्लें, जमीन उघडी पडली आणि वाळूनें शेतेंच्या शेतें गिळलीं. तेथें १९०७ सालीं यासाठीं कायदा झाला. कुंपणें घालून किनाऱ्यावरचें चिवट रानगवत लाविलें गेलें. वाळूनें ओसाड पाडलेलें गुन्नार्सहोल्ट हेंच पुढें त्या कार्याचें केंद्र झालें. वारा थांबवितां येत नाहीं. पण भूमीचें वस्त्र राखणें मनुष्याच्या हातीं आहे.

तो विद्यार्थी आज स्वतः आजोबा झाला असेल. हा अंक त्याच्या घरीं गेलाच, तर त्याचे कापलेले दोन गुण आम्हीं परत दिले, असें त्यानें समजावें.