बुद्धि, धर्म आणि अमेरिकेचें लोकराज्य

धर्म व शास्त्र यांचें हाडवैर आहे, आणि अमेरिकेचें लोकराज्य शास्त्रानें धर्मावर मिळविलेल्या जयांतून जन्मास आलें, अशी कित्येकांची समजूत असते. आमच्या मतें ती इतिहासाशीं जुळत नाहीं.

आकाशांतील वीज म्हणजे विद्युत्‌च होय, हें बेंजामिन फ्रँकलिन यानें १७५२ च्या सुमारास दाखविलें, आणि इमारतींवर लोखंडी सळ्या उभारण्याची युक्ति सुचविली. बोस्टन शहरांत अशा सळ्या पुष्कळ झाल्या. पुढें १८ नोव्हेंबर १७५५ रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. तेव्हां टॉमस प्रिन्स नांवाच्या पाळकानें अशी शंका छापली कीं, या सळ्यांमुळेंच विद्युत् जमिनींत सांठून भूमि हादरत असावी. (प्रिन्स अडाणी नव्हता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.) हार्वर्ड कॉलेजचा प्राध्यापक जॉन विन्थ्रॉप यानें ती शंका सप्रमाण खोडून काढिली. पण विन्थ्रॉप नास्तिक नव्हता. सृष्टि देवानें घातलेल्या नियमांनीं चालते, आणि ते शोधण्यासाठींच मनुष्यास बुद्धि मिळाली आहे, अशी त्याची श्रद्धा होती. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत टॉमस जेफर्सन यानें सृष्टीचे नियम व सृष्टीचा ईश्वर या दोहोंचा एकत्र आधार घेतला, तो याच विचारास धरून.

खरी कसोटी मात्र व्हर्जिनियांत लागली. ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या वेतनासाठीं कर बसवावा, असें विधेयक १७८४ सालीं पॅट्रिक हेन्री याच्या पुढाकारानें आलें. आम्ही स्वतः ख्रिस्ती शिक्षक; असा कर कोणास गोड वाटणार नाहीं? परंतु सरकारी आश्रयानें धर्म सुधारत नाहीं, उलट बिघडतो, असें जेम्स मॅडिसन यानें १७८५ सालीं एका अर्जांत मांडिलें. त्या विधेयकाविरुद्ध हिरिरीनें उठले ते बॅप्टिस्ट लोक. त्यांच्या कित्येक उपदेशकांनीं उपदेश केल्याबद्दल त्याच प्रांतांत तुरुंग भोगला होता. विधेयक बारगळलें, आणि १७८६ च्या जानेवारींत जेफर्सनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला.

जेफर्सन चमत्कार मानीत नसे. पुढें त्यानें शुभवर्तमानांतील चमत्कार वगळून कात्रणांची वहीहि केली. त्याचें हें मत आम्हांस मान्य नाहीं. आणि स्वातंत्र्याचा हा पुरस्कर्ता गुलाम बाळगीत असे, हें तर त्याहूनहि खटकतें. तरी १ जानेवारी १८०२ रोजीं जॉन लेलंड हा बॅप्टिस्ट उपदेशक, मॅसॅच्युसेट्समधील चेशायर गांवच्या लोकांनीं केलेला १२३५ पौंडांचा चीजचा गोळा भेट म्हणून घेऊन, अध्यक्ष जेफर्सनच्या दारीं आला. मॅसॅच्युसेट्समध्यें चर्चसाठींचा कर तेव्हां चालूच होता; तो १८३३ सालीं बंद झाला.