सिंहलद्वीपाचा अभ्यास : एका ग्रंथाने भागत नाही

गेल्या वर्षावासात सावदा येथील बुद्धविहारात आम्ही सिंहलद्वीपातील धम्माच्या इतिहासावर तीन व्याख्याने दिली. महेंद्र स्थविरांचे आगमन, संघमित्रा थेरींनी नेलेली बोधिवृक्षाची शाखा, वट्टगामणी राजाच्या काळी झालेले त्रिपिटकाचे ग्रंथलेखन, असा विषयक्रम होता. अखेरीस एका वृद्ध उपासकाने विचारले, "सर, सव्वादोन हजार वर्षांपासून बौद्ध असलेल्या त्या देशात जात उरली आहे काय?" उत्तर 'होय' असे होते, परंतु आमच्या तिन्ही व्याख्यानांत ते कोठेच आले नव्हते. केवळ पालि वंसग्रंथांच्या आधारे बोलल्यामुळे ही उणीव राहिली. शेजारी राष्ट्राचा अभ्यास एका विद्याशाखेने पूर्ण होत नाही, हे त्या प्रश्नाने आम्हांस शिकविले. तेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम वंसग्रंथांचे ऋण मान्य केले पाहिजे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा शिलालेखांतील 'देवानंपिय पियदसि' राजा कोण, हे त्यांना कळेना. तो सिंहलचा राजा असावा, असे त्यांना आरंभी वाटले. सिंहलमध्ये प्रशासकीय सेवेत असलेल्या जॉर्ज टर्नर यांनी दीपवंसाच्या आधारे पियदस्सि म्हणजेच अशोक, हे दाखवून दिले. पुढे १९१५ साली मस्की येथील शिलालेखात 'अशोक' हे नावच सापडले आणि त्याला दगडाचा दुजोरा मिळाला. भारत ज्या सम्राटाला विसरला होता, त्याची ओळख शेजाऱ्याच्या ग्रंथाने पटविली. तीही ग्रंथ आणि शिलालेख एकत्र वाचल्यामुळेच पटली.

मात्र ग्रंथाला स्वतःचा हेतू असतो. महानाम स्थविरांनी इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या महावंसात द्वीपाचा आरंभ विजय या राजपुत्रापासून होतो आणि तो लंकेत उतरला तो दिवस तथागतांच्या महापरिनिर्वाणाचा सांगितला आहे. जवळपास त्याच काळातील दुसरी कथा पाहण्यासाठी सावद्याच्या वाचकाला समुद्र ओलांडावा लागत नाही; भुसावळ-जळगावमार्गे अजिंठ्यास गेले म्हणजे झाले. तेथील सतराव्या लेण्यात सिंहल-अवदानाचे भव्य चित्र आहे. या कथेचा नायक सिंहल नावाचा व्यापारी आहे. राक्षसींच्या बेटावरून तो सुटतो, पुढे राजा होतो आणि सैन्यासह परतून ते बेट जिंकतो. चित्रात नौकांमधून हत्ती-घोडे उतरताना दिसतात. एकाच द्वीपाच्या आरंभाच्या या दोन भिन्न कथा आहेत. दोहोंपैकी एकीलाही जसाच्या तसा इतिहास मानता येत नाही. मात्र त्या कोणी, कोणासाठी आणि का सांगितल्या, हा इतिहासाचा प्रश्न आहे. चित्रकलेचा अभ्यासक सोबत नसेल, तर तो प्रश्न पालि पंडिताला सुचतही नाही.

शिलालेख आणखी वेगळी माहिती देतात. श्रीलंकेत प्राचीन ब्राह्मी लिपीतील एक हजाराहून अधिक गुंफालेख आहेत. कार्ले-जुन्नरच्या लेण्यांप्रमाणे तेथेही दात्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांत राजांखेरीज गृहपती व अन्य सामान्य जनही आहेत. मिहिंतले येथील दहाव्या शतकातील शिलालेखात विहाराच्या सेवकांची कामे आणि त्यांचे वेतन यांचे तपशील आहेत. विहार हे साधनेचे स्थान होते, तसेच ते जमीन बाळगणारी संस्थाही होते, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्याशिवाय ध्यानी येत नाही.

आता त्या उपासकाच्या प्रश्नाकडे वळू. येथे समाजशास्त्राचा आधार घ्यावा लागतो. १७५३ साली सयाम देशातून आलेल्या उपालि स्थविरांनी लंकेत लुप्त झालेली उपसंपदा पुन्हा सुरू केली. परंतु लवकरच या सयाम निकायात केवळ गोयिगम जातीच्या पुरुषांनाच उपसंपदा देण्याचा प्रघात रूढ झाला. तेव्हा अन्य जातींतील श्रामणेर ब्रह्मदेशात गेले, तेथे उपसंपदा घेऊन परतले आणि १८०३ साली अमरपुर निकायाची स्थापना झाली. रोडिया समाजाला तर शतकानुशतके बहिष्कृताचे जिणे कंठावे लागले. ज्या संघात उपालि नापिताला शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, त्याच संघाच्या नावाने हे घडले.

आधुनिक काळातील नोंदही कटू आहे. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतील लाखो तमिळ मजूर राज्यहीन झाले. त्यांच्यात दलित जातींतून गेलेल्यांची संख्या मोठी होती. १९५६ साली, बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, तेथे सिंहली हीच एकमेव राजभाषा करण्यात आली. १९८३ पासून २००९ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धाच्या काळात दुट्ठगामणी राजाची कथा वारंवार पुढे केली गेली. महावंसात युद्धानंतर खिन्न झालेल्या या राजाला अर्हत सांगतात की, मेलेल्यांत खरी माणसे दीडच होती, एक त्रिशरण घेतलेला आणि एक पंचशील घेतलेला. त्याच ग्रंथात हाच राजा शत्रू एळाराचे स्मारक उभारून त्यास सन्मान देतो. कोणती पाने वाचली गेली आणि कोणती मिटून ठेवली गेली, हे राज्यशास्त्राने सांगावे लागते.

हे लिहिण्यात शेजाऱ्याचा उपमर्द करण्याचा हेतू नाही. श्रीलंकेने त्रिपिटक जपले; धर्मानंद कोसंबी १९०२ साली तेथे गेले नसते, तर महाराष्ट्रातील पालि अध्ययनाचा इतिहास निराळा झाला असता. कृतज्ञता आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीचे विवेचन मानववंशशास्त्राच्या परिसंवादात केले आणि १९२३ मध्ये रुपयाचा प्रश्न अर्थशास्त्राने तपासला. १९५० साली कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस ते गेले, तेव्हा त्या देशात धम्म प्रत्यक्ष आचरणात कितपत जिवंत आहे, हे पाहणे हाही त्यांचा हेतू होता.

जात धर्मांतराने आपोआप गळून पडत नाही. ती संघातही शिरकाव करू शकते. शेजाऱ्याच्या इतिहासातून आपल्या समाजाने घ्यावयाचा हा इशारा आहे. पोटजात पाहून सोयरीक जुळविणाऱ्या घरांनी तो विशेष ध्यानी घ्यावा.

यंदा सावद्यास आम्ही चौथे व्याख्यान देणार नाही. उपासक-उपासिकांपैकी कोणी महावंसाचा एक परिच्छेद, कोणी एक शिलालेख, कोणी निकायांचा इतिहास, कोणी चहामळ्यांतील मजुरांचा प्रश्न अभ्यासून मांडावा, असे ठरले आहे. आरंभ अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यापासून होईल. प्रश्न विचारणारे ते वृद्ध उपासकही येणार आहेत.