काटा वर चढतो तेव्हा



चांगी बिझनेस पार्कात दुपारी जेवताना सीओईचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. दहा वर्षं झालेली गाडी मोडीत काढायची, की पैसे भरून आणखी पाच-दहा वर्षं चालवायची? हिशेब सगळेच एक्सेलमध्ये करतात, रेडिएटरकडे मात्र कुणी बघत नाही. अन् एकदा हेड गॅस्केट गेलं की ती एक्सेल शीट तिथेच संपते.

खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आठवतात ना? त्यांचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. रांगेत इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. आपल्या इथल्या गाड्यांचा पंखा बहुधा विजेचा. त्यामुळे पहिला प्रश्न "किती तापते?" हा नाहीच, "केव्हा तापते?" हा आहे. सिग्नलला उभं असताना तापते आणि ईसीपीवर वेग घेतला की निवते, तर संशय पंख्यावर. उलट वेगातच तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय, वॉटर पंप दमलाय किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाहीये.

आमच्या टीममधल्या एकाची बारा वर्षांची गाडी वुडलँड्सच्या रांगेत तापायची, पीआयईवर अगदी शहाणी. शिवाय उभ्या गाडीत एसीही कोमट. फ्यूज शाबूत होता. रिले हॉर्नच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून पाहिला, फरक नाही. मग मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट दिले, तरी पंखा ढिम्म. म्हणजे मोटरच गेलेली. मोटर बदलली आणि काटा मधोमध आला.

पण कूलंटची पातळी आठवड्याला बोटभर उतरतच होती! आपल्या भाषेत सांगायचं तर एका बगने दुसरा झाकला होता. गॅरेजवाल्याने थंड इंजिनवर हातपंपाने दाब दिला तेव्हा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यातून थेंब दिसले. गाडी चालू असताना ते तापलेल्या धातूवर सुकून जायचे, म्हणून खाली डाग नाही. थेंब दिसले नसते तर पाळी हेड गॅस्केटची होती. तेल दुधाळ होणं, धुराला गोडसर वास येणं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणं, ही त्याची लक्षणं.

रेडिएटरची कॅप ही स्वस्तातली आणि सर्वात दुर्लक्षित वस्तू. १ बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. स्प्रिंग ढिली झाली की ही सवलत गेली.

आणि हो, डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर खिळवलेला असतो, हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला ब्लूटूथ रीडर लावा, फोनवर खरा आकडा दिसतो. लॉग वाचायची सवय आपल्याला आहेच! फक्त कार पार्कात इंजिन चालू ठेवून बसू नका, इथे त्याला दंड आहे.

त्या गाडीचा आकडा सध्या ९० च्या आसपास असतो. पुढच्या महिन्यात मुलाबाळांसकट गेंटिंगचा घाट चढायचाय. तिथे आकडा ११० कडे सरकला तर आधी एसी बंद, मग बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि कॅपला हात लावायच्या आधी किमान तासभर चहा.