काचेच्या तंतूंची जुडी

(नभोवाणीवरील भाषण)



आजचा विषय आपल्या पायांखालचा आहे. मिरारोड-भाईंदरच्या एखाद्या हमरस्त्यावरून आपण चालत असतां पाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि सांडपाण्याचीं गटारें यांच्या शेजारून बोटाएवढ्या जाडीच्या काळ्या केबली जमिनीखालून गेलेल्या असतात. त्यांच्या पोटांत तांबें नसून काच असते. दूरध्वनीवरील बोलणें, बँकेचे व्यवहार, रुग्णालयांतून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविलेलें क्ष-किरणांचें चित्र, हें सर्व या काचेंतून प्रकाशाच्या रूपानें धांवतें. काचेंतून प्रकाश कसा वाहतो, याचें वर्णन आपण पुष्कळदां ऐकलें असेल. परंतु असे शेंकडों तंतु एका केबलींत कसे बांधतात, आणि ते तसेच कां बांधावे लागतात, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः या दळणवळणाचें यश जितकें काचेच्या निर्मळपणांत आहे, तितकेंच तें या बांधणींत आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व लंडनचे हॅरोल्ड हॉपकिन्स यांनीं १९५४ सालीं काचतंतूंच्या जुडींतून चित्र एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाला नेण्याची रीत प्रसिद्ध केली. तिची मुख्य अट अशी कीं, तंतु अलीकडे ज्या क्रमानें मांडलेले असतील, त्याच क्रमानें ते पलीकडेही असले पाहिजेत. क्रम बिघडला तर प्रकाश पोंचतो, पण चित्र पोंचत नाहीं. पुढें १९६६ सालीं चार्ल्स काव यांनीं, काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यांतून दूरवर संदेश पाठवितां येतील, असें दाखवून दिलें. आणि १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें तशी काच प्रत्यक्ष तयार केली. महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट ही कीं, दूरध्वनि-केंद्रें एकमेकांस जोडणारी भारतांतील पहिली काचतंतूंची वाट १९७९ सालीं पुणें शहरांत सुरू झाली.

आतां एका तंतूकडे पाहूं. काचेच्या तंतूचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग असतो. प्रकाश ज्यांतून जातो तो आंतला गाभा तर अवघा नऊ मायक्रॉनांच्या आसपास. वरून प्लास्टिकचा लेप दिला कीं सर्व मिळून जाडी पाव मिलिमीटर होते. ही काच इतकी स्वच्छ असते कीं, सुमारें पंधरा किलोमीटर अंतर काटल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. मात्र अशा तंतूला दोन मोठे शत्रु आहेत. पहिला ताण. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. सतत ओढ बसली आणि तिला ओलाव्याची जोड मिळाली, म्हणजे त्या चिरा हळूहळू वाढतात व एके दिवशीं तंतु तुटतो. दुसरा शत्रु बांक. तंतु फार वळविला कीं प्रकाश गाभ्यांतून बाहेर निसटतो. वाळूच्या कणाएवढ्या वस्तूचा दाबही त्याला सूक्ष्म बांक देण्यास पुरेसा होतो.

म्हणून बांधणीचा पहिला नियम असा: ओढ दुसऱ्यानें सोसावी, काचेनें सोसूं नये. पालेभाजीची जुडी आपण घट्ट बांधतों. येथें नेमकें उलट करावें लागतें. साधारणतः बारा तंतु एका बारीक नळींत सैल सोडतात. नळीच्या लांबीपेक्षां तंतूंची लांबी किंचित् अधिक ठेवलेली असते, त्यामुळें केबल थोडी ताणली गेली तरी तंतु ताणले जात नाहींत. पाणी शिरूं नये म्हणून नळींत मलमासारखा पदार्थ भरतात. अशा अनेक नळ्या एका ताठ दांडीभोंवतीं गुंडाळतात. ही दांडी ताण सोसते. गुंडाळण्यांतही युक्ति आहे. कांहीं वेढे उजवीकडे दिल्यावर तितकेच डावीकडे देतात. त्यामुळें कारागिराला केबल मध्येंच उघडून, बाकीच्या नळ्यांना न दुखवितां, हवी ती नळी बाहेर काढतां येते. या सर्वांवर पाणी लागतांच फुगून वाट बंद करणारी पट्टी, मग चिवट धागे, आणि शेवटीं काळें पॉलिथीनचें आवरण. वाळवीचा उपद्रव असेल तेथें त्यावर नायलॉनचें कवच, आणि उंदीर-घुशी असतील तेथें पोलादी पत्र्याची पन्हाळीदार पट्टी घालतात.

मिरा-भाईंदरसारख्या ठिकाणीं हा सारा खटाटोप कां लागतो, हें सांगावयास नकोच. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, मध्यें मिठागरांची सखल जमीन आणि त्यावर कोंकणचा पावसाळा! ओलावा हा येथें पाहुणा नव्हे, घरचाच आहे.

बांधणीचा दुसरा नियम ओळखीचा. सगळे तंतु सारखेच दिसतात, म्हणून त्यांना रंग देतात. आणि त्यांचा क्रम अनेक ठिकाणीं एकच मानला जातो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी, पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी व समुद्री. नळ्यांनाही हेच रंग याच क्रमानें देतात. बारा नळ्या व प्रत्येकींत बारा तंतु मिळून एकशें चव्वेचाळीस तंतु होतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा पत्ता मिळतो. हिरव्या नळींतील राखी तंतु म्हणजे एकोणतिसावा. यांत घोटाळा होण्याचें कारण उरत नाहीं.

या पत्त्याचें मोल केबल तुटते तेव्हां कळतें. रस्ता खणणाऱ्या यंत्राचा एक घाव बसला कीं सारे तंतु एकाच क्षणीं तुटतात. तंत्रज्ञ मग एका टोंकाकडून प्रकाशाची लहानशी लहर सोडतो व तिचा परावर्तित अंश परत येण्यास लागणारा वेळ मोजतो. काचेंत प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणून दर किलोमीटरच्या जाण्यायेण्यास एका सेकंदाचा एक लक्षांश भाग लागतो. यावरून तुटलेली जागा निश्चित होते. तेथें दोन्ही बाजूंचे तंतु सोलून, पुसून, काटकोनांत कापून, विजेच्या ठिणगीनें एकमेकांत वितळवितात व जोडलेले तंतु तबकांत सैल वेटोळीं करून ठेवतात. एकेक तंतु जोडावयाचा तर या कामाला तासच्या तास जातात. म्हणून हल्लीं कांहीं केबलींत बारा तंतु फितीसारखे शेजारीं शेजारीं चिकटवितात. ते बाराही एकदम जोडतां येतात. पण घाईंत नारिंगी तंतु हिरव्याला जोडला गेला, तर यंत्र सांधा उत्तम झाल्याचें दाखवितें, प्रकाशही जातो. मात्र तो भलत्याच दारीं पोंचतो. १९५४ सालच्या त्या जुडीचा धडा येथें पुन्हां आठवतो.

यांतून नागरिकांस घेण्यासारखा बोध आहे. जुडी जितकी मोठी, तितकें एका घावाचें नुकसान मोठें. म्हणून एकाच चरांत दोन केबली घालणें हें संरक्षण नव्हे. दुसरी वाट खरोखर दुसऱ्या रस्त्यानेंच गेली पाहिजे. खाडी, समुद्र व डोंगर यांनीं वेढलेल्या या शहरांत बाहेर जाणाऱ्या वाटा थोड्या आहेत. म्हणून येथें ही काळजी अधिकच घ्यावयास हवी. अनियोजित खोदकामानें भूमिगत केबलींसारख्या मालमत्तेची जी हानि होते, ती देशभर वर्षाला सुमारें तीन हजार कोटि रुपयांची असल्याचें केंद्र सरकारनें सांगितलें, आणि खोदण्यापूर्वीं संबंधितांस सूचना देण्यासाठीं ‘कॉल बिफोर यू डिग’ ही सोय २०२३ च्या मार्चमध्यें सुरू केली. रस्ता खणणाऱ्यानें आधीं विचारावें, ही साधी गोष्ट आहे. पण रुग्णालयाचा संपर्क टिकणें वा तुटणें तिच्यावर अवलंबून असतें.

घरांतही एवढें पाळावें. भिंतीवरून येणारी बारीक तंतूची वायर दाराच्या फटींत चेपूं नये, तिच्यावर खिळा ठोकूं नये व तिला तीन सेंटिमीटरांहून लहान त्रिज्येचें वळण देऊं नये. गृहनिर्माण संस्थांनीं जिन्यांतील वायरींचा गुंता वाढूं न देतां प्रत्येकीवर खोलीचा क्रमांक लिहून ठेवावा. केबलीच्या आंत मिलिमीटराच्या अंशाचा हिशेब ठेवून जी शिस्त सांभाळली जाते, ती तिच्या बाहेर आपल्या जिन्यांत व रस्त्यावर मोडली, तर आंतल्या शिस्तीचा उपयोग राहत नाहीं.