नर हाती येईपर्यंत

थायलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावरचे कोळी सध्या आमच्या टेबलावर आहेत. बेटाचं नाव मुद्दाम देत नाही. हे कोळी पाळायला विकले जातात. ठिकाण छापून आलं की खणणारे पोचलेच म्हणून समजा.

कोळी लिफिस्टियस वंशाचा. इतर कोळ्यांचं पोट सहसा सलग, याच्या पोटावर मात्र कोळंबीच्या पाठीसारखी एकामागे एक आडवी कवचं. सूत काढणारे अवयव पोटाच्या टोकाला नाहीत, खालच्या बाजूला मधोमध. फ्रान्समध्ये माँसो-ले-मिन इथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात याच गटातल्या कोळ्याचा जीवाश्म मिळालाय.

बीळ मातीच्या उभ्या दरडीत. वर रेशमी झडप, तिच्यावर माती आणि शेवाळ चिकटवलेलं, त्यामुळे झडप नजरेला पडतच नाही. पडतात ते दारापासून पसरलेले सहा-आठ ताठ धागे. रात्री कोळी दाराआड त्या धाग्यांवर पाय टेकून बसतो; किडा धाग्याला अडखळला की झडप उघडलीच. खणताना माती ढासळून बीळ हरवतं, म्हणून आधी गवताची काडी आत सारायची आणि तिच्या मागोमाग जायचं.

पण शोधणं हा कामाचा सोपा भाग. खरी कसोटी हा कोळी शेजाऱ्यांहून वेगळा आहे हे दाखवण्यात. शेजाऱ्यांमध्ये पेनांग बेटावरचा लिफिस्टियस डेसल्टर आहे, १८४९ साली डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ श्योटे यांनी वर्णन केलेला. हे कोळी धाग्यावर तरंगत लांब जात नाहीत, पिल्लं आईच्या आसपासच बिळं करतात. त्यामुळे मध्ये समुद्र नसला तरी एका डोंगरावरची वस्ती दुसऱ्यापासून तुटते. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा यातली कित्येक बेटं मुख्य भूमीला जोडलेलीच होती. म्हणजे नुसतं ‘बेटावरचा आहे’ एवढ्यावर जात वेगळी ठरत नाही.

ठरते ती जननेंद्रियांवरून. नराच्या तोंडाजवळच्या पेडिपाल्प नावाच्या उपांगाच्या टोकाला वीर्य पोचवणारा अवयव असतो. त्यावरचे काटे, पाती, कंगोरे सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून फिरवून पाहायचे. चित्र शक्यतो डाव्या पाल्पचं काढायचं, म्हणजे जगभरची चित्रं ताडून पाहता येतात. अल्कोहोलमधला नमुना किंचित कलला तरी कंगोऱ्याचा आकार बदललेला दिसतो, म्हणून बशीत बारीक वाळू घालून त्यात तो रोवतात. मान अवघडते ती इथे.

मादीचं प्रकरण आणखी निसरडं. या माद्या प्रौढ झाल्यावरही कात टाकतात आणि कातीबरोबर वीर्य साठवणाऱ्या अवयवाचं अस्तरही बाहेर येतं. फायदा असा की जिवंत मादीला धक्का न लावता कात पाण्यात भिजवून तो अवयव तपासता येतो. तोटा असा की एकाच जातीच्या माद्यांमध्येही त्याचा आकार बराच बदलतो.

आणि नर? तो प्रौढ झाला की बीळ सोडून भटकतो आणि थोड्याच काळात मरतो. म्हणून अर्धवट वाढलेला नर मातीच्या डब्यात ठेवून, ओल सांभाळत, त्याच्या शेवटच्या कातीची वाट पाहायची. कधी महिने जातात, कधी तो कात टाकतानाच मरतो. गुणसूत्रांतला मजकूर तपासायला एक पाय वेगळ्या बाटलीत जातो. त्याचा आधार मोठा आहे, पण त्याने पाल्प पाहण्याची गरज संपत नाही.

पुढचं कागदोपत्री. कोळ्यांची शास्त्रीय नावं क्लेर्कच्या १७५७ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात, बाकी प्राण्यांची लिनियसच्या १७५८ पासून. नव्या नावासोबत एक मूळ नमुना नेमावा लागतो. तो आम्ही संग्रहालयाच्या हवाली करतो, उद्या कुणालाही तो काढून आमचं म्हणणं खोडता यावं म्हणून.

एका मादीवरून नवी जात छापण्याची घाई हल्ली दिसते. माझ्या मते ती टाळावी. या बेटावरच्या कोळ्याला नाव मिळेल ते त्याचा नर तपासून झाल्यावरच.